ओल कोणत्या महिन्यात दिसते ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. मागे आवाज येऊन राहिला नं? बरं. आज इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी घर किंवा फ्लॅट किरायानं दिलेला आहे. कोणी खाली राहतात आणि वरचा माळा दिलाय, कोणाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याने इथे नागपुरात बेसा नाहीतर बेलतरोडीकडे फ्लॅट घेऊन ठेवलाय ज्याची चावी आईवडिलांकडे असते, आणि काहींनी निव्वळ गुंतवणूक म्हणून घेतलाय, तो कुलूप लावून पडलाय. तिन्ही प्रकारच्या लोकांचा मला पावसाळ्यात फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम भिंतीला ओल आली, कोणता वॉटरप्रूफ पेंट मारू? मी त्यांना विचारते, ओल कोणत्या महिन्यात दिसते ते आधी सांगा. बहुतेकांना ते आठवतच नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे, कारण पाणी कुठून येऊन राहिलं हे कळल्याशिवाय तुम्ही पेंट, पुट्टी, केमिकल, टाइल्स जे काही लावाल ते पुन्हा निघणार, आणि घर किरायाचं असलं की नवीन किरायेदार आला की तोच खर्च पुन्हा.

नागपूरला या बाबतीत एक फायदा आहे जो आपण वापरत नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण हजार-अकराशे मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो, आणि एप्रिल-मेमधे हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल बघता बघता कडक होतो. मुंबईत, कोकणात हवाच बारा महिने दमट, तिथे ओल ओळखणं कठीण जातं, आपल्याकडे मात्र नुसतं कॅलेंडर पाहिलं तरी अर्धं निदान होतं. मे महिन्यात भिंत ओली दिसली तर ती पावसाची कशी असेल? ती पाइपची आहे, टाकीची आहे, बाथरूमची आहे नाहीतर कूलरची आहे. तरीपण माणसं मे महिन्यातली ओल पाहून गच्चीवर केमिकल मारून घेतात, काहून की बोलावलेला माणूस गच्चीचं काम करणारा असतो आणि त्याला विचारलं तर तो गच्चीच दाखवणार.

तर आधी गच्चीचंच घेऊ. गच्चीचं पाणी पहिल्या-दुसऱ्या जोरदार पावसानंतर दिसतं, आणि त्याची खूण ही की पाऊस थांबला तरी छत ठिबकत राहतं, कधी कधी चार-चार दिवस. याचं कारण आपल्या जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. कोबा चांगलाच असतो, नीट केला तर पंधरा-वीस वर्षं टिकतो, पण एकदा का त्याला वरून भेग पडली की पाणी आत शिरतं आणि विटा ते धरून ठेवतात, आणि मग ते पाणी स्लॅबवर आडवं फिरतं. म्हणून खाली बेडरूममधे जिथे डाग आहे त्याच्या बरोबर वर भेग शोधू नका, ती दहा फूट दूरही असू शकते. आणि भेगा पडायचं कारण आपलं ऊन. मेमधे बाहेर ४५ डिग्री असते तेव्हा उघडा स्लॅब साठच्या वर तापतो. काँक्रीट दर डिग्रीला मीटरमागे एक सेंटिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं फुगतं. म्हणजे दहा मीटर लांबीचा स्लॅब, तापमानाचा फरक ४० डिग्री, तर हिशेब येतो ४ मिलिमीटर. चार मिलिमीटर स्लॅब सरकतो, आणि त्याच्यावरची पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, भिंत विटांची, ती तितकी सरकत नाही. मग स्लॅब आणि पॅरापेटच्या सांध्यात भेग पडणारच. आणि जूनच्या पहिल्या सरीला हा तापलेला स्लॅब अर्ध्या तासात थंड होतो, ही भेग तेव्हा आणखी उघडते. म्हणून तिथे सिमेंटचा जो गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, काढतात तो फार महत्त्वाचा. गच्चीची दुरुस्ती म्हटलं की मी आधी वाटा पाहते, मग पावसाच्या पाण्याच्या पाइपचं तोंड, मग डिश अँटेना, सोलर आणि टाकीचे स्टँड जिथे स्लॅबमधे ड्रिल मारून बसवलेत ती भोकं. मधलं सपाट मैदान सगळ्यात शेवटी. आणि लोक नेमकं त्या मैदानावर पांढरं केमिकल मारतात आणि वाटा तसाच फुटलेला ठेवतात!

उतार पाहा. साधारण शंभराला एक तरी पाहिजे. पाऊस थांबून दोन तासांनी गच्चीवर जा, जिथे डबकं दिसेल तिथे खडूने गोल करा, फोटो काढा. याला काहीही खर्च नाही. आणि खरी चाचणी करायची तर पाइपची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास उभं करतात, ती मेमधे करा, जुलैमधे नाही, म्हणजे काम करायला हातात दिवस राहतात. पण स्लॅब जुना असेल, खालून सळई दिसत असेल, सिमेंटचे पोपडे पडत असतील तर असं पाणी उभं करू नका. तीन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ७५ किलो वजन. याच कारणाने कोब्यावर दुसरा कोबा टाकायला मी साफ नाही म्हणते, मिस्त्री कितीही म्हणू द्या. वजन वाढतं आणि आतलं पाणी आतच कोंडलं जातं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं, तो गंजच काँक्रीटला खाली ढकलतो. तिथे पुट्टी लावून रंग देणं आणि खाली किरायेदाराचं लहान लेकरू झोपवणं हे बरोबर नाही. गंजलेला भाग तोडा, सळई घासा, पॉलिमर मॉर्टरने भरा, आणि त्याआधी वरून पाणी बंद करा. खालून, म्हणजे गळणाऱ्या छताच्या बाजूने, कोटिंग मारून पाणी थांबत नाही, ते बाजूला सरकतं आणि पुढच्या खोलीत निघतं.

खिडकीची आणि बाहेरच्या भिंतीची ओल वेगळी. ती वाऱ्यासोबत पाऊस आला की येते, बहुतेक पश्चिमेच्या नाहीतर दक्षिणेच्या भिंतीला, आणि दोन-तीन दिवस ऊन पडलं की जाते. इथे सज्जा तपासा, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट तपासा, आणि कॉलम आणि विटांच्या सांध्यात उभी भेग आहे का ते पाहा. आपल्याकडे आता फ्लाय अ‍ॅशच्या विटा खूप वापरतात, कोराडी-खापरखेड्याची राख जवळच, त्या विटेत वाईट काही नाही, पण नीट पाणी मारून क्युरिंग न करता घाईने प्लास्टर केलं की सांध्याला भेगा दिसतात. त्या भेगेत नुसती पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते, तिथे जाळी लावून किंवा लवचीक फिलर भरूनच काम करावं लागतं.

आता खालून येणारी ओल. तळमजल्याचं घर किरायानं दिलंय त्यांनी हे नीट ऐका. जमिनीतून चढणारी ओल जुलैच्या शेवटी दिसायला लागते, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, वर एक आडवी लाट असल्यासारखी रेघ, आणि ती पाऊस गेल्यावर लगेच जात नाही. दिवाळीच्या सुमारास भिंत वाळायला लागली की पांढरं पीठ दिसतं, त्यालाच आपण लोना म्हणतो. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात. हे क्षार नंतर हवेतलं पाणी स्वतःच ओढतात, म्हणून एकदा लोना लागलेलं प्लास्टर घासून रंगवलं तरी पुढच्या पावसात ते ओलंच होतं. ते प्लास्टर रेघेच्या वर फूटभर जाऊन पूर्ण खरवडून काढावं लागतं.

का चढते ही ओल? प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा, थर नसतो किंवा तुटलेला असतो हे एक. पण नागपूरमधे मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण वेगळं आहे. घराबाहेरची पातळी वर आलेली असते. समोर सिमेंट रोड झाला, तो जुन्या डांबरी रस्त्याच्या वर, मग अंगणात पाणी यायला लागलं म्हणून मालकाने अंगणात मुरूम टाकून वरून पेव्हर बसवले, सांदवाडीत, म्हणजे घराच्या बाजूच्या बोळात, दोनदा काँक्रीट झालं, बागेची माती भिंतीला टेकवली. झालं, डीपीसी जमिनीच्या खाली गेला. त्याचं काम संपलं. आणि आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल इतक्या भेगा देते, त्यात भिंतीलगतचा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे प्लिंथ प्रोटेक्शन, तुटतो आणि छपराचं पाणी सरळ पायाशी उतरतं. इथे भिंतीत केमिकलचं इंजेक्शन मारून घेण्याआधी भिंतीलगतच्या दीड-दोन फूट रुंद पट्ट्यातली माती खाली उतरवा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, पावळीच्या पाण्याला पाइप लावून दूर सोडा, गडरचं, म्हणजे सांडपाण्याचं, चेंबर भिंतीजवळ असेल तर ते फुटलेलं नाही ना पाहा. एक पावसाळा थांबा. कितीतरी घरांत एवढ्यानेच ओल अर्ध्यावर येते.

महाल-इतवारीकडची जुनी चुन्याची घरं हा एक स्वतंत्र विषय आहे पण दोन वाक्यं बोलते. चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते, तिला मोकळं ठेवलं तर ती स्वतःच वाळते. तिला खालून चार फूट सिमेंट प्लास्टर आणि टाइल्स लावल्या की पाणी बाहेर निघायची जागा शोधत टाइल्सच्या वर चढतं. अशी घरं किरायानं द्यायची असतील तर आतून चुन्याचाच रंग द्या, प्लास्टिक पेंट नको, किरायेदाराला सांगा की भिंत दरवर्षी रंगवून देऊ, ते स्वस्त पडतं.

आणि पूर. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथे बऱ्याच जणांना आठवत असेल, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात आली. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे मधे ५० दिवस. लोकांनी दिवाळीच्या आधी घरं रंगवून घेतली, आणि मला समजतं का रंगवली, ते घर तसं पाहवत नव्हतं. पण नऊ इंची भिंत कंबरेपर्यंत पाण्यात बुडालेली असली की ती आतून वाळायला महिने लागतात, आणि वरून प्लास्टिक पेंटचा थर बसला की आतलं पाणी कोंडतं. अशा वेळी खालचं प्लास्टर काढा, विटा उघड्या राहू द्या, पंखे लावा, आणि उन्हाळा जाऊ द्या. घर किरायाचं असेल तर तेवढे महिने किराया कमी घ्या पण भिंत उघडी ठेवा.

बाथरूमकडे येते. ही बारमाही ओल. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा, डाग तेवढाच राहतो, किंवा घरात माणसं जास्त असली की वाढतो आणि कुटुंब गावाला गेलं की कमी होतो. नंदनवन, रेशीमबाग, मानेवाडा, हनुमाननगर या भागांत विद्यार्थी खूप, तीन माणसांसाठी बांधलेल्या बाथरूममधे सहा पोट्टे आंघोळ करतात. बाथरूम तेवढंच वापरलं जातं जेवढं तुम्ही किरायानं दिलंय, त्यांच्यावर चिडून काय होणार. पाणी साधारणपणे तीन जागी शिरतं, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने, कमोडच्या पाइपच्या सांध्यातून आणि टाइल्सच्या जोडांतून. खाली संकन स्लॅबमधे, म्हणजे बाथरूमपुरत्या खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधे, भराव असतो, तो भराव पाण्याने भरतो आणि मग महिनोन् महिने खालच्या फ्लॅटमधे उतरत राहतो. शोधायचं कसं, तर एक-एक गोष्ट बंद करून. आधी रात्री सगळे नळ बंद करून मीटर किंवा टाकीची पातळी लिहून ठेवा आणि सकाळी पाहा, पाणी कमी झालं असेल तर प्रेशरची लाइन फुटलीय. पातळी तीच असेल तर ड्रेनेज किंवा टाइल्स. मग ट्रॅप बंद करून फरशीवर रंगीत पाणी दोन तास ठेवा, खाली रंग उतरला तर फरशी किंवा ट्रॅपची कड. फ्लश टँकमधे रंग टाकून वेगळं पाहा. हे दोन दिवसांचं काम आहे, आणि हे न करता अख्खं बाथरूम फोडलेली उदाहरणं मला माहीत आहेत. जोड फुटलेले असतील तर जुना ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या जोडांतलं भरण, कोरून इपॉक्सी ग्राउट भरला की पुष्कळदा भागतं.

आता कूलर. नागपुरात ओलीवर बोलायचं आणि कूलर सोडून द्यायचा हे होऊच शकत नाही. मेच्या कोरड्या हवेत मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा लिटरच्या वर पाणी पितो, आणि ते सगळं पाणी वाफ होऊन तुमच्या खोलीत जातं. मेमधे त्याने काही बिघडत नाही, समोरची खिडकी उघडी असली की ती हवा निघून जाते आणि भिंती कोरड्या राहतात. खरा त्रास सुरू होतो पाऊस लागल्यावर. जूनच्या शेवटी, जुलैत हवा आधीच दमट, तरी किरायेदार सवयीने पंप चालू ठेवतो, आणि पावसाची झड येऊ नये म्हणून खिडकी बंद. आता खोलीत जे पाणी चाललंय त्याला बाहेर जायला जागाच नाही. आठवड्याभरात अलमारीच्या मागे, गादीच्या खाली, चपलांवर बुरशी. आणि मालक म्हणतो छत गळून राहिलं! नियम साधा आहे, दोन दिवस सलग पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा चालवा, आणि टाकी रिकामी करून कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या उन्हात वाळवून ठेवा. दुसरं म्हणजे कूलरचं बूड. खिडकीत बसवलेल्या कूलरची ट्रे गळते, टुल्लू पंपाची नळी निसटते, ते पाणी खिडकीखालच्या भिंतीवरून दोन महिने सारखं वाहतं. तिथला पोपडा तुम्हाला पावसाळ्यात दिसतो पण तो मेमधे तयार झालेला असतो. कूलर भिंतीपासून चार इंच दूर, लोखंडी स्टँडवर, खाली नळी लावून ड्रेन. किरायेदाराकडे स्टँड नसेल तर तुम्ही घेऊन द्या, तो घरात राहतोच.

हवेतल्या ओलीची एक सोपी परीक्षा सांगते, घरी जाऊन करून पाहा. डाग असलेल्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी हवेतलं आहे, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर भिंतीतून येऊन राहिलंय. सोबत एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. घरातली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली तर जपायला पाहिजे, आणि भिंतीच्या पृष्ठभागाजवळ ८० च्या वर गेली की बुरशी धरते. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरच ८०-९० असते, म्हणून पाऊस चालू असताना खिडक्या उघडून काही होत नाही, उघडीप मिळाली की दुपारी उघडा, सगळे पंखे लावा. कपडे खोलीत वाळवले तर एका मशीनच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं, त्यामुळे किरायाच्या घरात बाल्कनीत वर ओढायची दोरी आणि बाथरूममधे चालणारा एक्झॉस्ट फॅन एवढं तर मालकाने द्यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. अलमारी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच जागा सोडा.

कुलूपबंद फ्लॅटवाल्यांसाठी. बंद घर सुरक्षित राहतं हा समज सोडा. चार महिने बंद खोलीत हवा हलत नाही, प्लायवूड फुगतं, मॉड्युलर किचनच्या खालच्या फळ्या काळ्या पडतात. वरून उन्हाळ्यात नहाणी ट्रॅपमधलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं, मग गडरचा वास आणि झुरळं घरात. आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन खिडक्या उघडल्या पाहिजेत, प्रत्येक ट्रॅपमधे मगभर पाणी, आणि लांब जायचं असेल तर त्यावर चमचाभर खाद्यतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. नवीन फ्लॅट असेल तर पहिल्या पावसाळ्याच्या आधी भिंतभर फर्निचर करून घेऊ नका, प्लास्टर आणि काँक्रीटमधलं बांधकामाचं पाणी अजून निघत असतं.

आता किरायेदाराबद्दल बोलते आणि इथे मी थोडं स्पष्ट बोलणार आहे. ओल सगळ्यात आधी त्याला दिसते, तुम्हाला नाही. तो सांगत का नाही? कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा मालक म्हणाले तुम्ही खिडक्या उघडत नाही, तुमच्यामुळेच होऊन राहिलं, आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. मग तो गप्प बसतो, डागावर कॅलेंडर लटकवतो, आणि दोन वर्षांनी घर सोडतो तेव्हा तुम्हाला सडलेली चौकट दिसते. दमट घरात दमा आणि श्वासाचे त्रास वाढतात, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधे ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याचसाठी. त्या खोलीत कोणाचं तरी बाळ झोपतं. भिंतीतून, छतातून, पाइपातून आलेली ओल ही मालकाची, यात वाद नको. कूलर आणि कपड्यांची ओल किरायेदाराच्या सवयीची, पण ती सवय प्रेमाने समजावून बदलते, पैसे कापून बदलत नाही. घर देताना सगळ्या भिंतींचा, छतांचा तारखेसकट व्हिडिओ काढा, दोघांच्या फोनमधे ठेवा, आणि सांगून ठेवा की डाग दिसला की त्याच दिवशी फोटो पाठवा. मग तारीख कळते, आणि तारीख कळली की पाणी कुठून आलं ते कळतं.

कायदाही थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही योग्य वेळेत दुरुस्ती केली नाही तर तो स्वतः करून किरायातून कापून घेऊ शकतो, वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंत. समजा महिना १२,००० किराया, वर्षाचे १,४४,०००, म्हणजे ३६,००० पर्यंत. लिव्ह अँड लायसन्स असेल तर करारात काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून, म्हणून करारात ओलीचं एक वाक्य स्पष्ट लिहा, कोणती दुरुस्ती कोणाची, आणि कळवल्यावर किती दिवसांत. दुसरी बाजू पैशाची. इन्कम टॅक्समधे घरभाड्याच्या उत्पन्नावर महानगरपालिकेचा टॅक्स वजा जाता ३० टक्के स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, तुम्ही दुरुस्तीवर खर्च करा किंवा नका करू. वरच्याच उदाहरणात महानगरपालिकेचा टॅक्स वजा करायच्या आधीचा हिशेब धरला तर ४३,२०० रुपये. सरकारने ही सवलत दुरुस्ती वगैरे धरूनच दिलेली आहे, तर त्यातला एक भाग दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका. दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला तर २४,००० तसेही जातातच.

नवीन बिल्डिंग असेल तर रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, कलम १४ मधे तरतूद आहे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही कळवलं तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा. कळवायचं लेखी, फोटोसकट. फोनवर बोलून वर्षं घालवू नका. आणि आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे गच्ची सामायिक असते आणि तिचा खर्च बिल्डिंगच्या घोषणापत्रातल्या टक्क्यांप्रमाणे सगळ्यांनी वाटून घ्यायचा. वरच्या मजल्यावरच्या एकट्या माणसाने करायचा नाही. तुमचा फ्लॅट पहिल्या माळ्यावर असला तरी मीटिंगमधे हे बोला.

बुरशी साफ करताना कोरड्या झाडूने घासू नका, तिचे बीजाणू खोलीभर उडतात. मास्क, हातमोजे, ओल्या फडक्याने साबणपाणी, आणि पीओपीमधे आत शिरली असेल तर तेवढा तुकडा कापूनच काढा, त्यावर ब्लीच मारून उपयोग नाही. रंग सगळ्यात शेवटी, ओल ज्या वाटेने येत होती ती बंद करून एक पावसाळा कोरडा गेल्यावर.

बरं, आता प्रश्न. या काकूंनी विचारलंय की मुलीसाठी फ्लॅट पाहून राहिलोय, रीसेलचा, किरायाने द्यायला, तर ओल आहे की नाही कसं ओळखावं. काकू, पहिलं म्हणजे घाई नसेल तर ऑगस्टमधे पाहा. एप्रिलमधे सगळेच फ्लॅट कोरडे असतात. आत गेल्यावर हॉल पाहण्याआधी भिंतीतल्या अलमाऱ्या उघडून वास घ्या, कुबट वास रंगाने झाकला जात नाही. अख्खं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत किंवा छताचा एकच कोपरा ताजा असेल तर तिथे हात लावून पाहा आणि सरळ विचारा. गच्चीवर जा, टाकीचा ओव्हरफ्लो कुठे पडतो ते पाहा, तो भिंतीवर पडत असेल तर खालची खोली तुमचीच आहे का ते मोजा. नळ सोडून दहा मिनिटं बाथरूममधे पाणी वाहू द्या. आणि मग खालच्या फ्लॅटवाल्यांची बेल वाजवा, त्यांना सांगा आम्ही वरचा घेऊन राहिलोय, तुमच्या बाथरूमचं छत जरा पाहू द्याल का. लोक दाखवतात, आणि काय काय गळलं, कधी गळलं, ते महिन्यासकट सांगतात.